खोका तिथला, नाव आपलं

परदेशातल्या गोदामात माल ठेवायचा आणि ऑर्डर आली की तिथूनच ग्राहकाला पाठवायचा, ही पद्धत आता आपल्याकडच्या छोट्या ब्रँडांनीही धरली आहे. यामागे कराचंही कारण आहे. ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना अमेरिकेत आयातशुल्काची सूट होती. ती चीन आणि हाँगकाँगसाठी २ मे २०२५ पासून आणि बाकी सगळ्या देशांसाठी २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली. त्यामुळे एकेक पार्सल इथून धाडण्यापेक्षा एकदम माल नेऊन ठेवणं अनेकांना सोयीचं वाटू लागलं. मात्र पॅकिंग आता आपल्या हातून होत नाही, आणि स्वतःचं नाव छापलेलं वेष्टन थोड्या नगांत परवडत नाही. या महिन्यातले सगळे प्रश्न याच अडचणीचे आहेत.

प्रश्न : सोलापुरी नॅपकिनचे दोन-दोनचे संच आम्ही न्यू जर्सीतल्या एका गोदामातून विकतो. महिन्याला साधारण १५० ऑर्डरी असतात. स्वतःच्या नावाचा छापील खोका हवा आहे, पण छापखाने १,००० नगांच्या खाली बोलत नाहीत आणि १,००० खोके तिकडे न्यायचा खर्च झेपत नाही. काय करावं? (वाचक, सोलापूर)

उत्तर : नॅपकिन फुटत नाही, चेपत नाही, सांडत नाही. त्याला खोका लागतच नाही. आधी हा खर्च काढून टाका.

तरीही खोक्याचा हिशोब एकदा मांडू, म्हणजे तो का नको ते दिसेल. २६×२०×८ सेंमीचा झाकणवाला खोका उलगडून सपाट केला की साधारण ५८×६४ सेंमीचा तुकडा होतो. दीड मिमी जाडीच्या ई फ्लूट (म्हणजे बारीक नागमोडी थराच्या) पुठ्ठ्यात एका खोक्याचं वजन १४५ ग्रॅमच्या आसपास भरतं. हजार खोके म्हणजे जवळजवळ १४५ किलो आणि अर्ध्या घनमीटरहून अधिक जागा. विमानाने किलोला ४०० रुपये धरले तरी खोक्यामागे ५८ रुपये नुसतं भाडं, छपाई वेगळीच. शिवाय रिकामा खोका अमेरिकेत उतरतो तेव्हा तो स्वतंत्र माल असतो. कस्टमच्या मालवर्गीकरणात ४८१९ या शीर्षकाखाली त्याची वेगळी नोंद होते आणि शुल्कही त्याच नोंदीप्रमाणे लागतं. तोच खोका मालाने भरून गेला तर मालाबरोबरच मोजला जातो. रिकामं वेष्टन समुद्रापार नेणं म्हणूनच सगळ्यात महाग.

पुढे प्रत्येक पार्सलवरही भुर्दंड आहेच. यूपीएस आणि फेडेक्स या कुरिअर कंपन्या व्यापारी दरात आकारमानाचं वजन, म्हणजे पार्सलने व्यापलेल्या जागेवरून धरलेलं वजन, काढताना घन इंचांना १३९ ने भागतात आणि प्रत्येक बाजू वरच्या पूर्ण इंचावर नेतात. तुमचा खोका ११×८×४ इंच धरला जाईल, म्हणजे ३५२ घन इंच. १३९ ने भागून अडीचच्या वर, म्हणून ३ पौंडांचं भाडं. नॅपकिनचं खरं वजन ४०० ग्रॅम असलं तरी! तोच संच साध्या पाकिटात १०×७×३ इंचांत बसतो आणि २ पौंडांत जातो.

छापखाना हजाराखाली का बोलत नाही, तेही समजून घ्या. डाय (खोका कापण्याचा साचा), रंगागणिक प्लेट आणि मशीन लावण्याचा वेळ हा खर्च एका नगाला लागतो तेवढाच हजार नगांना लागतो. समजा तो ९,००० रुपये आहे. हजार नगांत वाटला तर नगामागे ९ रुपये पडतात, दीडशेत वाटला तर ६०. छापखान्याशी घासाघीस करून हा आकडा हलत नाही. कमी नग हवे असतील तर डाय आणि प्लेट ज्यात लागतच नाहीत, अशा वस्तूकडे वळायला हवं.

तुमच्यासाठी ती वस्तू म्हणजे कागदी पट्टी. घडी घातलेला संच २४×१७×५.५ सेंमीचा धरला तर आडव्या बाजूने गुंडाळायला ४५ सेंमी आणि चिकटवायला दीड सेंमी, म्हणजे ४६.५ सेंमी लांबी लागते. डिजिटल छपाईचा १३×१९ इंची कागद ४८ सेंमीच्या थोडा वर असतो, त्यात ही लांबी बसते. रुंदी ७.५ सेंमी ठेवली तर एका कागदात ४ पट्ट्या निघतात. रुंदी ८.५ केलीत तर ३ च निघतील आणि खर्च एका फटक्यात तिसऱ्या हिश्श्याने वाढेल. ५०० पट्ट्यांना १२५ कागद, बिघाडाचे १० धरून १३५. एका कागदाला छपाईसह २५ रुपये पडले, तर पट्टी पावणेसात रुपयांना. १७० जीएसएम आर्ट पेपरमध्ये तिचं वजन ६ ग्रॅमही होत नाही. आणि ती मालावर चढूनच जाते, म्हणजे तिचं वेगळं भाडं नाही, वेगळी नोंद नाही.

यात तीन गोष्टी हमखास बिघडतात. टॉवेलचं कापड फुगीर असतं. ताज्या घडीवर माप घेतलं तर कार्टनमध्ये दाबून गेल्यावर पट्टी सैल होऊन घसरते, म्हणून घडी रात्रभर वजनाखाली ठेवून मगच माप घ्या. दुसरं, गडद रंग भरलेली पट्टी मुडपल्यावर घडीवर पांढरी रेघ उमटते. कागदाचा धागा, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, घडीला समांतर येईल असं छापायला सांगा आणि वर मॅट लॅमिनेशन करा. तिसरं, पट्टीचं टोक स्टिकरने कापडावर चिकटवू नका, गोंदाचा डाग पडतो. दुहेरी टेप कागदावर कागद अशीच लावा.

बाहेरचं पाकीट गोदामातलंच तपकिरी कागदी किंवा प्लास्टिकचं घ्या. त्यावर ६० मिमीचा गोल स्टिकर लावायचा असेल तर तो कागदावर नव्हे, रोलवर मागवा. कागदावरून एकेक स्टिकर सोलायला वेळ जातो आणि गोदाम प्रत्येक हात लावण्याचे पैसे घेतं. स्टिकर लावणं एक काम, आभारकार्ड टाकणं दुसरं, पातळ कागदात गुंडाळणं तिसरं. ही तिन्ही कामं सोलापुरात करून संच बंद केला, तर तिकडे उरतं ते फक्त उचलायचं आणि पाकिटात टाकायचं.

तरीही बाहेरच्या पाकिटावर स्टिकर हवाच असेल, तर तिथे ठेवलेल्या स्टिकरला स्वतःचा कोड आणि साठ्याची नोंद असायला हवी. नाहीतर संपल्याचं तुम्हाला ग्राहकाने पाठवलेल्या फोटोतून कळतं. रोज ५ ऑर्डरी, छपाईपासून समुद्रमार्गे गोदामातल्या फळीवर येईपर्यंत ७५ दिवस, म्हणजे ३७५ स्टिकर. त्यात चौथा हिस्सा जादा धरा. साठा ४७० वर आला की पुढची छपाई सुरू झालेली हवी.

पुढेमागे भेटसंचासाठी खोका हवाच झाला, तर तो गोदामाच्या जवळपासच्या डिजिटल छापखान्यात छापून घ्या. नग महाग पडेल, पण समुद्र ओलांडणार नाही.

प्रश्न : सिलिकॉनचे मोदकाचे साचे आम्ही चीनमध्ये बनवून घेतो. यिवूमधला एजंटच ते पॅक करून कॅनडा आणि ब्रिटनमधल्या ग्राहकांना पाठवतो. नाव छापलेल्या पिशव्या घेतल्या, तर त्या फाटून पोचतात. एजंट म्हणतो, जाडी सांगितली तीच आहे. (वाचक, पुणे)

उत्तर : एजंट बहुधा खरं बोलतो आहे. गफलत मोजण्याच्या पद्धतीत आहे. चिनी विक्रेते पिशवीची जाडी 'सी' या मापात सांगतात. एक सी म्हणजे ०.०१ मिमी, म्हणजे १० मायक्रॉन. आणि अनेकदा ते दोन्ही थर मिळून सांगतात. '६ सी' ऐकून आपण ६० मायक्रॉन समजतो, प्रत्यक्षात एकेक थर ३० मायक्रॉनचा असतो. मागणी लिहिताना 'एका थराची जाडी ६० मायक्रॉन' असंच लिहा.

ही जाडी तपासायला मायक्रोमीटर नको, वजनकाटा पुरे. २८×४२ सेंमीची पिशवी घ्या. दोन थर मिळून क्षेत्रफळ २,३५२ चौरस सेंमी. ६० मायक्रॉन म्हणजे ०.००६ सेंमी आणि पॉलिथिनची घनता ०.९२. तिन्हींचा गुणाकार १३ ग्रॅम येतो. झाकणपट्टीचं पाऊण ग्रॅम वाढवा. म्हणजे शंभर पिशव्या १,३७५ ग्रॅमच्या आसपास भरायला हव्यात. ७०० ग्रॅम भरल्या, तर तुम्हाला ३० मायक्रॉनची पिशवी मिळाली आहे. एजंटला शंभर पिशव्या काट्यावर ठेवून फोटो पाठवायला सांगा, नंतरच पैसे सोडा. मापाबाबतही असंच विचारून घ्या. २८×४२ मध्ये झाकणपट्टी धरली आहे की तिच्याशिवाय ४२, यात ४-५ सेंमीचा फरक पडतो.

छपाईचं म्हणाल तर मोठ्या कारखान्यांत पिशव्या सिलिंडरवर छापतात. रंगागणिक एक सिलिंडर, म्हणून ते हजारोंत बोलतात. थोड्या नगांसाठी तयार रंगीत पिशवी घेऊन त्यावर एका रंगात स्क्रीन छपाई करून घ्या, १०० ते ५०० नगांतही ती होते. पांढरी किंवा करडी पिशवी आणि वर काळं नाव, बस. दुसरा रंग आला की छपाईच्या जाळीची दुसरी चौकट आली, आणि दोन रंग एकमेकांवर नीट न बसण्याची भीतीही आली.

नाव कुठे छापायचं, ते छापण्याआधी ठरवा. पत्त्याचं लेबल बहुतेक १०×१५ सेंमीचं असतं आणि एजंटचा माणूस ते पिशवीच्या बरोबर मधोमध लावतो, म्हणजे तुमच्या नावावरच. छपाईच्या आराखड्यातच तेवढी जागा रिकामी आखून ठेवा आणि नाव मागच्या बाजूला घ्या.

आमचं मत विचाराल तर इतक्या लांबच्या प्रवासात बाहेरच्या पिशवीवर पैसा घालू नये. ती मळते, घासते, कस्टममध्ये कापली जाते, वरून आणखी दोन लेबलं चिकटतात. बाहेर साधी जाड पिशवी ठेवा आणि नाव आत येऊ द्या. साच्याभोवती कागदी पट्टी घाला, तिच्या मागे उकड काढण्याचं प्रमाण आणि साचा धुण्याची सूचना छापा. ग्राहक ती पट्टी फेकत नाही, फ्रिजवर लावतो.

एजंटला पानभर मजकूर धाडण्यापेक्षा तीन फोटो धाडा. एक वस्तू गुंडाळण्याआधीचा, एक पट्टी लावल्यानंतरचा, एक पिशवी बंद केल्यावरचा. प्रत्येकावर वस्तूचा कोड आणि आकडे टाका. पॅकिंगच्या टेबलावरचा माणूस बदलला तरी फोटो तोच राहतो. चिनी नववर्षाचंही भान ठेवा. २०२७ मध्ये ते ६ फेब्रुवारीला आहे. त्याच्या आगेमागे छापखाने दोन ते चार आठवडे बंद असतात आणि सुट्टीआधीच्या घाईतली छपाई सगळ्यात वाईट येते. तोवरच्या पट्ट्या आणि पिशव्या डिसेंबरच्या सुरुवातीलाच हातात असू द्या.

प्रश्न : आमचं बोधचिन्ह देवनागरीत आहे. परदेशी छापखान्याने आभारकार्डं छापली, तर 'श्री' तुटून आली आणि 'नि' मधली वेलांटी अक्षराच्या मागे गेली. पाचशे कार्डं रद्दीत गेली. पुढच्या वेळी काय काळजी घ्यावी? (वाचक, ठाणे)

उत्तर : फाइलमध्ये अक्षरं टाइप केलेल्या रूपात गेली. तिथल्या संगणकावर तो फॉन्ट नव्हता, म्हणून दुसरा लागला. किंवा फॉन्ट असूनही तिथल्या सॉफ्टवेअरला जोडाक्षरं जुळवता आली नाहीत. मग 'श्री' सुटी होते आणि पहिली वेलांटी अक्षराआधी न येता टाइप केलेल्या जागी, म्हणजे मागे, पडते. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये तर फॉन्ट बदलताच मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हं उमटतात.

उपाय एकच आहे. फाइल देण्याआधी सगळा मजकूर बाह्यरेषांत, म्हणजे आउटलाइनमध्ये बदला. त्यानंतर तो अक्षर राहत नाही, चित्र होतो, आणि कुठल्याही संगणकावर तसाच दिसतो. बदल करता येईल अशी मूळ फाइल वेगळी जपून ठेवा. बाह्यरेषांची पीडीएफ मराठी वाचणाऱ्या माणसाने छापील कागदावर वाचून तपासली पाहिजे. पडद्यावर अनुस्वार निसटतो.

देवनागरीला आणखी एक अडचण येते, ती इंग्रजीला येत नाही. शिरोरेषा बारीक असेल आणि मजकूर गडद रंगातून पांढरा काढायचा असेल, तर दोन्ही बाजूंची शाई पसरून ती रेषा भरून जाते, आणि 'घ' व 'ध' सारखेच दिसू लागतात. पांढऱ्यावर काळ्या छपाईत कोणतीही रेषा ०.३ मिमीच्या खाली नको, गडदावर पांढरी असेल तर ०.५ मिमीच्या खाली नको. लहान मजकूर फक्त काळ्या शाईत घ्या. चार रंग मिसळून केलेला काळा जरासा हलला की अक्षराला रंगीत सावली येते. कापणीसाठी चारही बाजूंना ३ मिमी जादा रंग सोडा.

तपकिरी क्राफ्ट कागदावर छापणार असाल, तर पडद्यावरचा रंग विसरा. पिवळा तिथे मातकट होतो, फिकट गुलाबी दिसेनासा होतो. पांढऱ्या शाईचा थर खाली घालता येतो, पण तो जादा रंग आणि जादा खर्च. क्राफ्टवर काळा, गडद निळा आणि वीटकरी हे तीन रंग छान बसतात. बाकीच्यांचा हट्ट थोड्या नगांत धरू नये.

प्रश्न : तांब्या-पेल्याचे संच ॲमेझॉनच्या अमेरिकेतल्या गोदामात ठेवायचे आहेत. पिशवी आणि खोक्याचे नियम सोप्या शब्दांत सांगाल का? (वाचक, नाशिक)

उत्तर : ज्या पिशवीचं तोंड सपाट ठेवून मोजल्यावर ५ इंच किंवा जास्त भरतं, तिच्यावर गुदमरण्याच्या धोक्याची इंग्रजी सूचना छापलेली किंवा चिकटवलेली लागते. पिशवी पारदर्शक, पूर्ण बंद आणि किमान १.५ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाडीची हवी. आपल्या बाजारात हे माप दीडशे गेज म्हणून मिळेल, म्हणजे ३८ मायक्रॉन. पिशवी वस्तूपेक्षा ३ इंचांहून जास्त मोठी नको. बारकोड बाहेरून वाचता आला पाहिजे. तांब्या आणि पेला वेगवेगळे निघून हरवू नयेत म्हणून 'हा संच आहे, वेगळा करू नका' या अर्थाचं इंग्रजी लेबल लावा.

बारकोड पांढऱ्यावर काळाच छापा. स्कॅनरचा प्रकाश लाल असतो, त्यामुळे लाल किंवा केशरी पट्ट्या त्याला दिसतच नाहीत. तपकिरी पुठ्ठ्यावर थेट छापलेला कोडही अनेकदा वाचला जात नाही. लेबल खोक्याच्या कडेवर वळवू नका. खोक्यात कापलेल्या कागदाचा भुसा किंवा थर्मोकोलचे दाणे चालत नाहीत, अखंड कागद किंवा हवेच्या उशा घाला. कार्टनचं वजन ५० पौंडांपेक्षा जास्त नको.

१ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेत ॲमेझॉनने स्वतः पॅकिंग आणि लेबल लावून देण्याची सेवा बंद केली आहे, म्हणून हे सगळं नाशिकमध्येच पक्कं करून पाठवावं लागेल. बाहेरचा खोका त्यांचाच असणार. तुमचं नाव दिसेल ते फक्त संचाच्या आतल्या खोक्यावर, तेव्हा पैसा तिथेच घाला. आत कार्ड ठेवा, पण त्यावर 'पाच तारे द्या, सूट मिळवा' असलं काही लिहू नका. तसं करण्याला त्यांच्या नियमांत सक्त मनाई आहे.

तांबं या धातूचं म्हणून एक सांगावंसं वाटतं. घामट हाताचा ठसा दोन महिन्यांच्या समुद्रप्रवासात काळा डाग होतो. शेवटची पुसणी झाल्यावर हातमोजे घालूनच भांडं गुंडाळा, वर्तमानपत्रात मात्र नको. आम्लरहित पातळ कागद किंवा तांबे-पितळेसाठीचा गंजरोधक कागद वापरा.

प्रश्न : कोल्हापुरी चपला इटली आणि जर्मनीला पाठवतो. पावसाळ्यात भरलेल्या मालाला तिकडे उघडल्यावर बुरशी दिसते. सिलिका जेल घालूनही. (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : वनस्पतिजन्य सालींनी कमावलेलं चामडं हवेतलं पाणी भराभर ओढतं. जुलैत बांधलेली जोडी आधीच ओली असते. तिला प्लास्टिकच्या पिशवीत बंद केलं, तर पाणी आतच कोंडतं. आणि उघड्या पुठ्ठ्याच्या खोक्यात सिलिका जेल टाकलं, तर ती पुडी खोलीची हवा पिऊन एक-दोन दिवसांत भरून जाते. दोन्ही चुका एकाच मालात होतात.

क्रम असा ठेवा. चपला बंद खोलीत पंख्याखाली, शक्य असेल तर हवा कोरडी करणाऱ्या यंत्राबरोबर, तीन दिवस ठेवा. खोकेही त्याच खोलीत ठेवा, कारण दमट पुठ्ठा स्वतःच पाणी सोडतो. जोडी पातळ कागदात गुंडाळून खोक्यात भरा, आत ५ ग्रॅमची पुडी टाका. असे १२ खोके मोठ्या कार्टनमध्ये जाड प्लास्टिकच्या अस्तरात भरा, आणि ते अस्तर पुड्या उघडल्यापासून तासाभरात बंद करा. मोठं कार्टन पाच पदरी घ्या. नव्वद टक्के दमट हवेत पुठ्ठ्याची ताकद जवळजवळ अर्धी होते, खालच्या थरातले खोके बसतात ते म्हणूनच.

पुडी निवडताना जपा. निळी दाणेदार पुडी नको. तिचा निळा रंग कोबाल्ट क्लोराइडचा असतो आणि ते युरोपात अतिधोकादायक पदार्थांच्या यादीत आहे. पांढरी किंवा केशरी घ्या. 'बुरशीनाशक' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्या तर मुळीच नकोत. त्यांत डायमिथाइल फ्युमरेट असू शकतं, आणि युरोपने २००९ मध्ये ग्राहकवस्तूंत त्यावर किलोमागे ०.१ मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. एका पुडीपायी सगळा माल परत येईल.

जर्मनीचं वेगळं. तिथे ग्राहकाच्या घरी पोचणाऱ्या वेष्टनाची लुसिड नावाच्या नोंदवहीत नोंदणी करावी लागते आणि वजनाप्रमाणे पुनर्वापराचं शुल्क भरावं लागतं. किमान मर्यादा नाही, पहिल्या पार्सलपासून लागू. १ जुलै २०२२ पासून तिथल्या गोदामांना आणि बाजारपेठांना ही नोंदणी तपासणं बंधनकारक आहे, त्यामुळे ती नसेल तर माल पाठवलाच जात नाही. नोंदणी फुकट आहे आणि शुल्क वजनावर ठरतं. ११० ग्रॅमचा खोका आणि ४० ग्रॅमचं बाहेरचं पाकीट धरून ६०० जोड्यांना ९० किलो कागद होतो. चुंबकी झाकणाचा जाड खोका केलात, तर हेच वजन दुप्पट-तिप्पट होईल. युरोपचा नवा वेष्टन कायदा १२ ऑगस्ट २०२६ पासून लागू होतो, आणि २०३० पासून ऑनलाइन पार्सलमधली रिकामी जागा निम्म्याहून जास्त चालणार नाही. आत्ता डाय करताना खोका चपलेच्या मापाचाच करा.

प्रश्न : आमच्या लेबलवर न्यू जर्सीचा पत्ता छापला आहे, कारण परत आलेला माल तिथेच घेतो. तेवढं पुरेल ना? (वाचक, इचलकरंजी)

उत्तर : नाही, आणि ही चूक महागात पडते. अमेरिकेच्या १९३० च्या टॅरिफ कायद्याच्या कलम ३०४ प्रमाणे ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या मालावर मूळ देशाचं नाव इंग्रजीत, वाचता येईल आणि सहज पुसलं जाणार नाही असं हवं. त्यातच वेष्टनावर दुसऱ्या ठिकाणाचं नाव असेल आणि त्यामुळे ग्राहकाचा मूळ देशाबद्दल गैरसमज होण्याची शक्यता असेल, तर 'मेड इन इंडिया' हे त्याच्या अगदी जवळ आणि निदान त्याच्याच तोलाच्या अक्षरांत छापावं लागतं. मागच्या बाजूला बारीक टाइपात छापलेलं चालत नाही. खूण नसलेल्या मालावर १० टक्के जादा शुल्क लागू शकतं. तुमच्याकडे लेबलं छापून तयार असतील तर फेकू नका. 'मेड इन इंडिया'चा छोटा स्टिकर पत्त्याच्या खालीच चिकटवा, घट्ट गोंदाचा. कपड्यांना मात्र शिवलेली पट्टी लागते, तिथे स्टिकर उपयोगाचा नाही.

प्रश्न : लाकडी रंगीत फळं फळ्यांच्या पेटीत, आत भाताचा पेंढा घालून पाठवली तर छान दिसतील ना? प्लास्टिकही टळेल. (वाचक, सावंतवाडी)

उत्तर : छान दिसतील, पण पोचणार नाहीत. भाताचा पेंढा आणि तूस पॅकिंगला वापरायला अमेरिकेत बंदी आहे. त्यातून कीड आणि पिकांचे रोग जातात. ऑस्ट्रेलियाही पेंढा अडवतो. पेटीच्या फळ्या ६ मिमीपेक्षा जाड असतील, तर लाकडाचा गाभा ५६ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटं तापवल्याचा आयएसपीएम १५ चा (लाकडी वेष्टनाच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा) शिक्का लागतो, आणि तो अधिकृत प्रक्रियाकेंद्रच मारू शकतं. प्लायवूडला हा नियम लागत नाही.

प्लास्टिक टाळायचं असेल तर जाळीदार क्राफ्ट कागद घ्या. तो ओढला की मधमाशीच्या पोळ्यासारखा उघडतो आणि एकेका फळाभोवती दोन वेढ्यांत घट्ट बसतो. सपाट रोल असल्याने जागा घेत नाही. तीन पदरी पुठ्ठ्याचा साधा खोका, आत हा कागद, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला एका रंगात रबरी शिक्का. शिक्क्याला नगांची किमान संख्या नसते, पन्नास खोक्यांवरही मारता येतो. तेलकट शाई पुठ्ठ्यावर वाळायला रात्र घेते, तोवर झाकण लावू नका. नाहीतर शिक्का फळांच्या लाखेवर उमटतो, आणि स्पिरिटने पुसायला गेलात तर लाखच निघते.